आघाताला लेखाशीर्ष नसतं

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, आणि एवढ्या उकाड्यात आलेले सगळे श्रोते,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'महाराष्ट्रातले मानसिक आघात : सामाजिक कारणं आणि सार्वजनिक किंमत'. मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की पुढचे प्रश्न विचारायचं काम माझं असायचं. घरी कोण आहे, खर्च कोण बघतं, गावात परत जाता येईल का. त्या खुर्चीवरून जे दिसलं तेवढंच बोलणार आहे. मेंदूत काय होतं ते सांगणारी माणसं वेगळी आहेत, आणि ती चांगलं सांगतात.

सुरुवातीला दोन आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या साधारण ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी एखादी भयंकर घटना येते. अपघात, हिंसा, पूर, डोळ्यांदेखत कुणाचा मृत्यू. पण अशा घटनेतून जडणारा जो ताणविकार आहे, तो ३.९ टक्के लोकांना होतो. म्हणजे बहुतेक माणसं सावरतात. मग जे सावरत नाहीत, ते का? घटना किती भीषण होती यावर काही प्रमाणात अवलंबून आहे, हे खरं. पण संशोधनात पुन्हा पुन्हा एक गोष्ट वर येते : घटनेनंतर त्या माणसाच्या पाठीशी कोण उभं राहिलं. माझं आजचं सगळं म्हणणं या 'नंतर'बद्दल आहे. भूकंप शासन थांबवू शकत नाही. नंतरची दोन वर्षं मात्र बरीचशी शासनाच्या आणि गावाच्या हातात असतात, आणि माणसं जास्त मोडतात ती त्याच काळात.

किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून माणसं नुकती पाठ टेकत होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचा भार, आणि सगळं अंगावर. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. काही मोजण्यांत हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. मदत प्रचंड आली आणि कामही झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी उठवून वसवली. इतक्या कमी वेळात एवढं पुनर्वसन आपल्याकडे क्वचितच झालंय.

पण घरं कशी दिली? जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त जमीन असेल तर ७५०. सरळ रेषेत आखलेले रस्ते, ओळीनं घरं. कागदावर सुटसुटीत. जुन्या गावात मात्र गल्ली होती, गल्लीत चावडी होती, पायरीवर बसून बोलणाऱ्या बायका होत्या. त्या सगळ्या नव्या आराखड्यात विखुरल्या. जिचं तान्हं ढिगाऱ्याखाली गेलं, तिच्या शेजारी ते तान्हं कधीच न पाहिलेलं घर आलं. त्या मुलाचं नाव ओठावर आणायला तिला शेजारीण उरली नाही. पक्क्या घरात झोपायचं धाडस होत नाही म्हणून बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपणारी माणसं पुढे कित्येक वर्षं तिथे दिसत. अभियंत्यांना त्याचं आश्चर्य वाटायचं. घर भूकंपरोधक आहे, मग भीती कसली?

भूकंप निदान सगळ्यांना दिसतो. आता न दिसणाऱ्याकडे येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. शेती क्षेत्रातल्या देशभरच्या ११,२९० पैकी ४,२४८ आपल्या. या शेवटच्या आकड्यावर आपण अग्रलेख लिहितो, लिहायलाच हवेत. पण उरलेल्या साडेअठरा हजारांचं काय? देशपातळीवर व्यवसायानुसार पाहिलं तर सगळ्यात मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा आहे, एकूण आत्महत्यांच्या चौथा हिस्सा ओलांडणारा. त्यांच्यासाठी ना पॅकेज, ना समिती, ना मोर्चा.

शेतकऱ्याच्या घरी समिती तरी येते. ती कशी येते ते जरा जवळून बघू. यवतमाळकडच्या एका घरी मी बसलो होतो तेव्हा चौकशी चालू होती. दिवस व्हायचे होते. ओसरीवर सतरंजी, तिच्यावर तलाठी, हातात छापील प्रपत्र. सातबारा कुणाच्या नावावर? कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सोसायटीचं, की परवाना असलेल्या सावकाराचं? थकलेलं होतं का? वसुलीसाठी तगादा होता का? मग आवाज जरा उतरवून, ते दारू घेत होते का? बाई गप्प. तलाठी चांगला माणूस होता, तोच ओशाळला. म्हणाला, "ताई, राग मानू नका, रकाना आहे." ती म्हणाली, "लिहा भाऊ, काय लिहाचं ते. मानूस तं गेला." दारातून तिची मुलगी हे ऐकत होती. दहा-अकरा वर्षांची.

या चौकशीतून ठरतं काय, तर प्रकरण पात्र की अपात्र. पात्र असेल तर एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ही रक्कम २००६ साली ठरली आणि पुढे जवळजवळ दोन दशकं तेवढीच राहिली. अपात्र असेल तर काहीच नाही. आणि अपात्र ठरायला फार काही लागत नाही. जमीन मक्त्यानं किंवा बटईनं केली होती म्हणून सातबाऱ्यावर नाव नाही. कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं, त्याचा कागदच नाही. पाहुण्याकडून हातउसने घेतलेले, त्याला कोण कर्ज म्हणतो?

पात्र-अपात्र हे शब्द फायलीत राहत नाहीत, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते गावात येतात. अपात्र ठरलेल्या घराबद्दल पारावर बोललं जातं की 'म्हणजे कारण वेगळंच होतं'. वेगळं कारण म्हणजे काय ते सांगायची गरज नसते. ते बायकोकडे जातं. पंधरा दिवसांपूर्वी तिचा नवरा गेला होता. आता तिची अब्रूही गेली, आणि ती शासनाच्या शिक्क्यानं गेली. मदतीच्या निकषांनी दुसरा आघात करावा असं त्यांच्या लेखकांच्या मनात नसणार, हे मला मान्य आहे. परिणाम बदलत नाही.

याच धर्तीची आणखी एक गोष्ट. मुंबईत १९९२-९३च्या दंगलीत ९०० माणसं मारली गेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. शिवाय १६८ माणसं बेपत्ता होती. नुकसानभरपाई पोचली ती त्यातल्या साठ कुटुंबांना. उरलेल्या १०८ जणांचे वारस शोधा आणि व्याजासकट पैसे द्या, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२मध्ये द्यावा लागला. तीस वर्षं झाली होती. बेपत्ता माणसाच्या घरी दहावा होत नाही, रडून मोकळं होता येत नाही, रेशनकार्डावरचं नाव कमी करायला हात उचलत नाही. त्या घरात तो माणूस रोज नव्यानं हरवतो. अशा घरात वाढलेलं मूल पुढे पोलीस ठाण्याची पायरी चढायलाही कचरत असेल, तर त्याला व्यवस्थेवर विश्वास ठेव म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता बीडकडे जाऊ, कारण तिथे आघात एका घटनेचा नाही, वेळापत्रकाचा आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई किंवा एकटा पुरुष हिशेबात धरत नाहीत. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, कधी लग्नासाठी, कधी दवाखान्यासाठी. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि हंगाम संपला तरी बहुतेकदा ती फिटलेली नसते. एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा. म्हणजे रोज तर बुडालाच, वर दंड. पहाटे अंधारात उठून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवायच्या, रात्री कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, यायचं. कोपीला दार नसतं, जवळ संडास नसतो.

या व्यवस्थेत पाळी म्हणजे खाडा. म्हणून काय झालं? २०१९ साली शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. त्यातल्या कित्येक तिशी-पस्तिशीतल्या. बातमी आली तेव्हा सगळ्यांचा रोख डॉक्टरांकडे होता, आणि काही डॉक्टरांनी धंदा केला यात शंका नाही. पण मी पाहिलेल्या बायका फसवल्या गेल्यासारखं बोलायच्या नाहीत. हिशेब केल्यासारखं बोलायच्या. 'कटकट गेली' म्हणायच्या. शरीराचा एक अवयव हा कामातला अडथळा आहे असं बाईला स्वतःलाच वाटायला लागणं, हे मानसिक आरोग्याच्या कुठल्या प्रश्नावलीत बसवायचं मला अजून सुचलेलं नाही.

त्यांच्या मुली मागे कुणापाशी ठेवायच्या? वयात आलेली मुलगी कोपीत नेता येत नाही आणि गावात एकटी ठेवता येत नाही. उपाय एकच दिसतो : लग्न. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायका मोजल्या, त्यांच्यातल्या अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के आहे आणि बीडमध्ये ४३.७. हंगामी वसतिगृहं जिथे नीट चालतात तिथे मुली शिकतात. भाषणं देऊन बालविवाह थांबवू पाहणाऱ्यांनी आधी आपल्या तालुक्यातलं वसतिगृह ऑक्टोबरात उघडलं का ते बघावं. डिसेंबरात उघडलेल्या वसतिगृहाचा काही उपयोग नसतो, तोवर टोळी कारखान्यावर पोचलेली असते.

वाळीत टाकण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. २०१६चा कायदा, जुलै २०१७पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. रायगडसारख्या मुंबईच्या उंबऱ्यावरच्या जिल्ह्यातून तक्रारी येत होत्या म्हणून तो करावा लागला. गावकीनं वाळीत टाकलेल्या घराशी बोललं तर बोलणाऱ्याला दंड. मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. मघाशी म्हटलं की माणूस सावरतो तो पाठीशी उभं राहणाऱ्यांमुळे. वाळीत टाकणं हा नेमका त्यावरचाच घाव आहे. एखाद्याला कसं मोडायचं हे आपल्या गावकीला मानसशास्त्राचं पुस्तक न उघडता पक्कं ठाऊक होतं.

आता पैशाकडे येतो. विषयातला 'सार्वजनिक किंमत' हा भाग लोकांना कोरडा वाटतो, मला तोच महत्त्वाचा वाटतो.

शासनाचा प्रत्येक रुपया कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या ठरलेल्या क्रमांकाखाली, खर्च पडतो. आघाताला लेखाशीर्ष नाही. म्हणून त्याचा खर्च होत नाही असं थोडंच आहे? मी पाहिलेल्या बऱ्याच घरांचं मिळून एक घर करतो आणि शीर्षं लावत जातो. बाप गेला. पंचनामा, तपास : २०५५, पोलीस. आईला झोप नाही, छातीत धडधड, डोकं दुखतं. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय. दर ठिकाणी ईसीजी, रक्ततपासणी, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सलाईन, आणि 'काही नाही तुम्हाला' हे उत्तर. हे २२१०, सार्वजनिक आरोग्य. मोठा मुलगा नववीतून शाळा सोडतो. आठ वर्षं त्याच्यावर २२०२मधून, शिक्षणातून, जे खर्च झालं ते पाण्यात. मुलीचं सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी बाळंतपण, कमी वजनाचं मूल, नवजात अतिदक्षता कक्षात मुक्काम, पुन्हा २२१०. आईला निराधार योजनेचं अनुदान : २२३५, सामाजिक सुरक्षा. मोठा मुलगा प्यायला लागतो. इथे मात्र गंमत आहे. हा खर्च नाही, ही जमा आहे. ००३९, राज्य उत्पादन शुल्क. या एका शीर्षाखाली राज्याला वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतात.

म्हणजे एकाच घराचं दुःख पाच-सहा खात्यांत वाटलं जातं आणि कुठल्याच खात्याला ते पूर्ण दिसत नाही. त्यातल्या एका खात्याला तर त्यातून उत्पन्न होतं. वित्त विभागातल्या कुणाला विचारलं की मानसिक आरोग्यावर किती खर्च होतो, तर तो येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांचा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आकडा सांगेल. तो न केलेल्या उपचारांचा खर्च सांगणार नाही, कारण तो त्याच्याकडे नाहीच. मोजायचीही आपल्याला घाई नसते. २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, बारा राज्यांत. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. देशात सगळ्यात जास्त आत्महत्या नोंदवणारं राज्य!

बालपणीच्या आघाताची किंमत किती लांब जाते, यावर अमेरिकेत नऊ हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी मारहाण, अत्याचार, घरातली दारू, आईला मारलेलं पाहणं अशा चार किंवा जास्त प्रकारच्या गोष्टी सोसलेल्यांमध्ये पुढे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. शिवाय हृदयविकार, कर्करोगसुद्धा. ती माणसं बहुतांशी मध्यमवर्गीय, विमा असलेली होती. आपल्या ओसरीवरच्या त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं गणित कुणी मांडलेलं नाही.

काय करता येतं? इथे मी निराश नाही, कारण करून पाहिलेलं आपल्याच राज्यात आहे.

घरात मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही, पण दवाखान्यात जाते, 'पाय घसरून पडले' सांगत. हे ओळखून २०००मध्ये मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उघडलं. ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला जखमेचा आकार आणि सांगितलेली गोष्ट जुळते का हे पाहायला शिकवलं, आणि नसेल जुळत तर त्याच मजल्यावर बसलेल्या समुपदेशक ताईकडे पाठवायला. त्याआधी १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. तो पुढे राज्यभर गेला. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच : बाई जिथे येतेच, तिथेच माणूस बसवायचा.

विदर्भातही हेच झालं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, वर समुपदेशक, गरज पडली तरच मनोविकारतज्ज्ञ. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतल्या चार जणांना कसलीशी मदत मिळत होती. दीड वर्षानं सत्तावीस जणांना मिळू लागली, आणि नैराश्याचं प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३वर आलं. हे २०१७मध्ये नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. आशा ताईंकडून घरोघरी प्रश्नावली भरून घेणारा शासनाचा 'प्रेरणा' प्रकल्पही याच वाटेवरचा. माझी तक्रार एवढीच की आशा ताईच्या पिशवीत आपण आधीच लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सगळं कोंबलंय. तिला मोबदला न वाढवता गावाचं दुःखही वाहायला सांगायचं, हे कसं चालेल?

कायद्यानं एक पाऊल टाकलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी, असं कलम ११५ सांगतं. तो माणूस वाचला तर त्याला ताण सिद्ध करावा लागत नाही. मेला तर त्याच्या बायकोला मात्र त्याचं कर्ज, त्याचा तगादा, त्याचं कारण, सगळं सिद्ध करावं लागतं. ही विसंगती दूर करायला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. ज्या घरात आत्महत्या झाली त्या घराला, मग ते शेतकऱ्याचं असो की रोजंदारीवाल्याचं, तातडीची मदत कारण न विचारता द्या. मुलांची शाळा आणि वसतिगृह त्याच आठवड्यात पक्कं करा. कर्जाची, सावकाराची, जी काही चौकशी करायची ती नंतर करा, आणि तिचा निष्कर्ष धोरणासाठी वापरा, त्या बाईच्या पात्रतेसाठी नको. प्रपत्रातून दारूचा रकाना काढा. वर्षातून एकदा प्रत्येक जिल्ह्यानं, अशा घरांतली किती मुलं शाळेत आहेत, हा एक आकडा जाहीर करावा.

वित्त विभाग विचारेल, पैसा कुठून आणायचा. ००३९मधून आणा. प्रश्न असतील तर घेतो.